सोळा आणे चूक

भामरे आमच्या ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी मी वहीत त्यांच्या नावाखाली सात कामं लिहिली होती. ओळखपत्र, लॅपटॉप, पासवर्ड, खुर्ची, हजेरीच्या मशीनवर बोट, चहाचा कप आणि सगळ्यांशी ओळख. संध्याकाळी त्यांतलं फक्त कपाचं काम झालं होतं. आल्याआल्या त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, तुमचा प्रिंटर चालतो का. मग आमच्या प्रोग्रामची दीडेकशे पानं छापून घेऊन ते खिडकीशी बसले आणि दिवसभर वाचत राहिले. बाकीचे लोक चष्मा लावून वाचतात, हे चष्मा काढून वाचत. मध्येच एखाद्या पानाशी थांबून, पानालाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "कोण आपण? कोणाकडे आलात?"

सहाला निघताना ती पानं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. काही पानांचे कोपरे दुमडलेले होते. मी विचारलं, या चुका आहेत का. म्हणाले, "चुका नाहीत ताई. सगळं बरोबर चालतं. म्हणून तर भीती वाटते."

आमचं ऑफिस नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. माणसं चौदा. द्राक्षांच्या पॅकहाउससाठी लागणारा प्रोग्राम आम्ही करतो. कोणत्या प्लॉटवर कोणती फवारणी कधी झाली, त्यानंतर किती दिवस गेले, माल आता काढता येईल का, पेटी कोणत्या कंटेनरमध्ये गेली, हे सगळं त्यात असतं. पहिला प्रोग्राम आमच्या मालकांनी, बोरस्ते साहेबांनी, एकट्यांनी लिहिला होता. नवी आवृत्ती पॅकहाउसना कधी द्यायची आणि त्याआधी काय काय व्हायला हवं, ही यादी माझ्याकडे. म्हणून ऑफिसातल्या सगळ्यांची भांडणं शेवटी माझ्या टेबलावर येतात.

भामरे पन्नाशी ओलांडलेले, मूळचे सटाण्याजवळच्या नामपूरचे. पुण्यात बरीच वर्षं मोठ्या कंपनीत होते. आई नामपूर सोडायला तयार नव्हती, आणि दर शनिवारी पुण्याहून नामपूर गाठणं त्यांच्या कमरेला झेपेना. म्हणून नाशिक. साहेबांनी त्यांना एक वर्षाच्या करारावर घेतलं होतं, जमलं तर पुढे वाढवू म्हणून. त्या वयात नाशिकला तसं दुसरं काम मिळणं कठीण होतं. हे भामरेंना माहीत होतं आणि साहेबांनाही. चरित्र एवढंच.

त्यांचं काम होतं लिंटरचे नियम लिहिण्याचं. प्रोग्राम चालवण्याआधी त्याचा नुसता मजकूर वाचणारा आणि जिथे संशय येईल तिथे लाल खूण करणारा दुसरा प्रोग्राम, तो लिंटर. तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखा. तयार लिंटर आमच्याकडे होता, पण त्याच्या लाल खुणांकडे कोणी ढुंकून बघत नसे. साहेबांना आमच्या कामापुरते, आमच्याच सवयी पकडणारे नियम हवे होते. वाचणाऱ्याला गोंधळात टाकणारा कोड आधीच पकडायचा, असं त्यांनी भामरेंना सांगितलं. गोंधळात टाकणारा म्हणजे कोणता, हे मात्र सांगितलं नाही. ते भामरेंनी स्वतः ठरवलं, आणि त्यासाठी आम्हा सगळ्यांचा पार भुगा केला.

त्यांची पद्धत अशी. दहा ओळींचा कोड कागदावर छापायचा. पाच माणसं पकडायची. प्रत्येकाला वेगळं गाठून दोन प्रश्न विचारायचे. याचं उत्तर काय येईल? आणि खात्री किती आणे?

उत्तर चुकलं आणि खात्री चार आणे असेल, तर त्यांच्या मते तो कोड अवघड. अवघड कोडला त्यांची हरकत नव्हती. माणूस थांबतो, डोकं खाजवतो, दुसऱ्याला विचारतो. उत्तर चुकलं आणि खात्री सोळा आणे असेल, तर तो कोड फसवा. पाचांतले तीन जण सोळा आणे खात्रीने चुकले की दुसऱ्या दिवशी त्या लिखाणाविरुद्ध नियम तयार.

या कामी त्यांचा सगळ्यात आवडता माणूस निलेश. निलेश आमच्यातला सगळ्यात वेगवान प्रोग्रामर. हुशार, कामसू, आणि 'माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते. प्रश्न अर्धा असतानाच उत्तर द्यायचा. भामरे त्याला थर्मामीटर म्हणत. "बाकीच्यांना नंतर विचारू," ते म्हणायचे, "आधी निलेशला लावून बघू ताप किती आहे." बिचारा निलेश पहिले दोन महिने चिडला, नंतर हट्टाला पेटला आणि दिवाळीच्या सुमारास कागद हातात आल्यावर चक्क शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागला. त्या दिवशी भामरे हळहळत माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, थर्मामीटर बिघडला. नवा माणूस घ्यावा लागेल."

मी स्वतःला व्यवस्थित समजते. एकदा त्यांनी माझ्यापुढे कागद धरला. मी नीट वाचलं, बोट ठेवून वाचलं, उत्तर दिलं आणि सोळा आणे म्हटलं. चुकलं. भामरेंना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः खाली जाऊन माझ्यासाठी चहा आणला. तुमच्यासारखी बाई चुकली म्हणजे आता चर्चाच नको, नियम झालाच, असं म्हणून ते गेले. तो चहा मला कसा लागला असेल, ते सोडून देऊ.

नियमांना ते कांद्यांची नावं देत. नामपूरला त्यांच्या वडिलांची कांदा साठवायची चाळ होती आणि उन्हाळ्यात सगळं घर कांदा निवडायला बसे. एका अक्षराची चिमुकली नावं वापरली की 'गोल्टी', म्हणजे बारका कांदा. अट वाढत वाढत चार ओळी लांब गेली की 'डेंगळा', म्हणजे फुलाचा लांब दांडा फुटलेला कांदा. आणि सगळ्यात वरचा नियम 'जोड'. बाहेरून एक दिसणारा, थोराड, देखणा कांदा. कापला की आत दोन. ते सांगायचे, चाळीत पहिला सडतो तो जोड कांदा, आणि सडताना शेजारच्यांनाही घेऊन जातो.

प्रोग्राममधला जोड म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला एका मीटिंगमध्ये करून दाखवलं. प्रोग्रामच्या तुकड्यांना नावं असतात. एखाद्या तुकड्याचं नाव 'तपासा' असेल, तर त्याने तपासावं आणि उत्तर सांगावं. पण पुष्कळदा तो तपासतातपासता काहीतरी लिहूनही ठेवतो किंवा बदलतो. भामरे दारात जाऊन उभे राहिले, टकटक केली आणि आत येऊन निलेशला म्हणाले, "नमस्कार, मी तपासणीस. फक्त बघायला आलोय." मग बघत बघत त्यांनी निलेशच्या टेबलावरचं पेन उचलून खिशात घातलं आणि निघून गेले. पाच मिनिटांनी परत आले, तेव्हा निलेश अजून पेन शोधत होता. 'पाहा', 'तपासा', 'शोधा' असल्या नावाचा तुकडा काही बदलताना दिसला की लाल खूण, हा नियम.

लाल खुणेसोबत एक वाक्य उमटतं. ते सहसा इंग्रजीत आणि रुक्ष असतं. भामरेंनी ती वाक्यं आपल्या घरच्या बोलीत, अहिराणीत लिहिली. याचा गाजावाजा त्यांनी केला नाही, पण एके दिवशी सटाण्याकडचे एक मोठे बागायतदार प्रोग्राम बघायला आले, भिंतीवरच्या पडद्यावर निलेशने चुकून दुसरीच खिडकी उघडली, आणि हातभर लाल अक्षरांत उमटलं, 'हाई काय शे भाऊ? तुले तरी समजनं का?' साहेबांचा चेहरा पडला. बागायतदार मात्र खुर्चीत सावरून बसले आणि आत बसलेला हा आपला माणूस कोण आहे, त्याला बाहेर बोलवा म्हणाले. पुढचा अर्धा तास दोघं नामपूरच्या बाजाराबद्दल बोलले. प्रोग्राम त्यांनी घेतला, पण साहेबांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं की संदेश सभ्य भाषेत हवेत.

भामरेंनी ते तंतोतंत पाळलं. सोमवारपासून लाल खुणेसोबत येऊ लागलं, 'आपल्या विद्वत्तेविषयी पूर्ण आदर बाळगून विचारतो, की या ओळीत आपण नेमके काय करू इच्छिता?' दिवसातून वीसवीस वेळा. चौथ्या दिवशी निलेश माझ्याकडे आला आणि म्हणाला, मॅडम, पाया पडतो, ते शिव्या देणारं परत आणा.

असं वर्ष गेलं. जानेवारी आला, द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला, आणि भामरेंनी 'जोड' नियम पहिल्यांदा सगळ्या प्रोग्रामवर चालवला. एकोणीस लाल खुणा आल्या. त्यांतल्या सतरा एकाच फाइलमध्ये होत्या.

त्या फाइलला आम्ही देवघर म्हणायचो. साहेबांनी स्वतः लिहिलेली, सगळ्यात जुनी फाइल. प्लॉट पास की नापास हे तिथे ठरतं. तिथे कोणी शिरत नसे, शिरलं तरी काही हलवत नसे. माझ्या यादीतला नियम असा होता की लाल खूण असेपर्यंत नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही. हा नियम मीच लिहिला होता, तेव्हा तो मला फार आवडला होता.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडत नाहीत, पण त्यांचा आवाज खाली जातो. भामरेंना सांगा, देवघराला नियमातून वगळा, एका ओळीचं काम आहे, शुक्रवारपर्यंत टाका, एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "त्यांच्या कराराचा कागदही शुक्रवारीच माझ्यापुढे यायचा आहे. तेही सांगा."

मी दोन्ही निरोप त्याच क्रमाने भामरेंना दिले. एक ओळ टाकली तर नोकरी, नाही तर पुणे आणि शनिवारचा तो प्रवास. मी त्यांना समजावलं. साहेबांचा प्रोग्राम आहे, साहेबांचं नाव आहे, इतकी वर्षं चालतंय. ओळ टाका आणि मोकळे व्हा.

भामरे स्वेटरची बाही दुमडत बसले होते. एसीमुळे ते बारा महिने स्वेटर घालत. म्हणाले, "ताई, चाळ त्यांची आहे. जोड कांदा ठेवायचा तर त्यांनी खुशाल ठेवावा. पण मी निवडायला बसलेला माणूस. बाजूला काढलेला कांदा मीच परत ढिगात कसा टाकू?"

मग त्यांनी विचारलं, गुरुवारी चहानंतर साहेब मोकळे आहेत का. मी डायरी बघितली. होते.

गुरुवारी भामरे लॅपटॉप आणि एक कागद घेऊन केबिनमध्ये गेले. जाताना मलाही सोबत चला म्हणाले, साक्षीला. कागदावर दहाच ओळी होत्या. देवघरातल्याच, पण नावनिशाणी काढलेल्या.

"साहेब, एक प्लॉट आहे. परवा फवारणी झाली. म्हणजे आज नापास," भामरे म्हणाले. "हा तुकडा त्याला तपासतो. आपण तो दोनदा चालवला. दुसऱ्यांदा काय उत्तर येईल?"

साहेबांनी कागद बघितला. दोन सेकंद असतील. "नापासच. दोनदा तपासल्याने नापासाचा पास होतो का?"

"खात्री किती आणे?"

"भामरे, हा खेळ तुम्ही पोरांशी खेळा."

"किती, साहेब?"

"सोळा."

भामरेंनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि बटण दाबायला त्यांनाच सांगितलं. साहेबांनी दाबलं. नापास. पुन्हा दाबलं. पास.

खाली द्वारकेच्या चौकात नेहमीचे हॉर्न वाजत होते. साहेबांनी आणखी एकदा दाबलं. पास. मग त्यांनी कागद उचलून परत वाचायला घेतला, आता बोट ठेवून. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे मी लिहिलंय."

भामरेंनी मान हलवली. हो असं म्हणाले नाहीत, एवढा समंजसपणा त्यांच्यात होता.

मग साहेबांनी सांगितलं ते मला नवीन होतं. दिंडोरीकडचं एक पॅकहाउस त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. तिथल्या वयस्कर सुपरवायझरना दोन बटणं दाबायचा कंटाळा. तपासायचं एक, आणि तपासणी झाली अशी नोंद करायचं दुसरं. म्हातारबुवा दुसरं कायम विसरायचे. म्हणून साहेबांनी दोन्ही कामं एकाच बटणात घातली. पुढे कधीतरी, फवारणीनंतरची तपासणीची नोंद दिसली की प्लॉट पास धरायचा, असंही त्यांनीच लिहिलं. म्हणजे पहिली तपासणी नापास म्हणायची आणि जाताजाता दुसरीसाठी दार उघडून ठेवायची. इतकी वर्षं निभावलं, कारण पॅकहाउसमध्ये एक प्लॉट एकदाच, दिवस भरल्यावर तपासत. पण आमच्या नव्या आवृत्तीत पडदा उघडला की आपोआप तपासणी होणार होती. सुपरवायझरने सकाळी पडदा उघडला, चहा पिऊन परत उघडला, की परवाच्या फवारणीचा माल पेटीत. हे कंटेनर निघाल्यावर कळलं असतं, तर औषधाचा अंश सापडून सगळा माल परत आला असता.

"नियम राहू द्या," साहेब म्हणाले. "देवघर मी स्वतः साफ करतो."

मी यादीतली तारीख आठ दिवस पुढे ढकलली आणि पॅकहाउसना फोन केले. आठ दिवस साहेब बाहेर, आमच्यात येऊन बसले, भामरेंच्या समोरच्या खुर्चीवर. एकेक जोड फोडत होते. लाल खूण आली की पडद्यावर विद्वत्तेविषयीचा तो पूर्ण आदर उमटायचा आणि साहेब मुकाट्याने वाचायचे. निलेश तेवढ्यासाठी लवकर यायला लागला होता. आठव्या दिवशी लाल खुणा संपल्या. आवृत्ती गेली.

राहिला करार. शुक्रवार कधीच उलटून गेला होता. सोमवारी कागद माझ्याकडे आला, भामरेंना द्यायला. एक वर्षाची वाढ. मला हायसं वाटलं, मी वहीत त्या कामापुढे बरोबरची खूणसुद्धा केली.

भामरेंनी चष्मा काढला आणि वाचायला सुरुवात केली. सही करायला लागतो त्याच्या दसपट वेळ गेला. मग त्यांनी माझं लाल पेन मागितलं. तिसऱ्या कलमाचं शीर्षक होतं 'मुदतवाढ'. आत पहिलं वाक्य वाढीचं. त्यापुढे, दोन महिन्यांनी कामाचा आढावा, आणि व्यवस्थापनाने तेव्हा लेखी काही कळवलं नाही तर करार तिथेच आपोआप संपेल. भामरेंनी समासात लाल अक्षरांत लिहिलं, 'जोड'. आणि कागद सही न करता माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, भामरे, वेड लागलंय का. गुपचूप सही करा, दोन महिन्यांनी साहेबांना आठवण करून द्यायचं माझ्याकडे लागलं, मी यादीत घालते. ते म्हणाले, तुमच्या यादीवर माझा विश्वास आहे ताई, पण तुम्ही रजेवर असाल तर? मग त्यांनी कागदाच्या पाच प्रती काढल्या आणि ऑफिसात वाटल्या. प्रश्न एकच, मार्च संपल्यावर भामरे इथे असतील का? पाचही जणांनी 'हो' सांगितलं. चौघांनी सोळा आणे खात्री दिली. आमच्या थर्मामीटरने, निलेशने, जुन्या सवयीने अठरा आणे दिली.

त्या पाच उत्तरांसकट कागद मी साहेबांपुढे ठेवला. माझी खात्री होती की भामरे गेले. ज्याने पंधरा दिवसांपूर्वी मालकाला मालकाच्याच केबिनमध्ये चूक दाखवली, त्याने आता मालकाच्या कराराला लाल पेन लावलं होतं. साहेब म्हणाले, हा वकिलांचा तयार नमुना आहे, आत काय आहे ते त्यांनी बघितलंच नव्हतं. हे खरं असेल, याची माझी खात्री आठ आणे.

पुढे भामरे आमच्याकडे अडीच वर्षं होते. नंतर आईसाठी नामपूरला कायमचे गेले. ते गेले त्या दिवशी मी खरोखरच रजेवर होते, त्यामुळे निरोपाची भाषणं आणि नारळ मी पाहिले नाहीत. माझ्यापुरते भामरे शेवटचे दिसतात ते त्या मंगळवारचे.

साहेब केबिनमधून कागद घेऊन बाहेर आले आणि तो भामरेंपुढे ठेवून त्यांच्या टेबलाशी उभे राहिले. सगळ्यांनी टाइप करायचं थांबवलं, फक्त निलेश उगाच एक बटण दाबत राहिला. भामरे उठले नाहीत. त्यांनी कागद साहेबांकडेच फिरवला आणि तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं.

"साहेब, वाचा आणि सांगा. एप्रिलमध्ये मी इथे असेन का?"

साहेबांनी वाचलं. हळू, ओळीओळीने, ओठ हलवत. एकदा वर गेले, परत खाली आले.

"बहुतेक नसाल," ते म्हणाले. "पण खात्री देता येत नाही. चार आणे."

"आता बरोबर वाचलंत," भामरे म्हणाले.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, कलमातली पुढची दोन्ही वाक्यं आडव्या रेघेने खोडली, शेजारी छोटी सही केली आणि खाली मोठी सही केली. मग पेन भामरेंपुढे धरलं. भामरेंनी पेन घेतलं, बाजूला ठेवलं आणि कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला. साहेब उभे होते. आम्ही सगळे बघत होतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी पेन उचललं, जरा थांबले, आणि कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहून घेतली.